साहित्य बदललं आणि पदार्थ बिघडला: कुठून तपासायला लागायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या ओट्यावर घडलं असेल तर पुढचं वाचा.

- शंकरपाळे तेलात सोडले की टम्म फुगतात, कडा उघडतात आणि मग तेल पितात.
- मोदकाची पारी हातात ताणली जाते, कळ्या पाडल्या तरी उभ्या राहत नाहीत. वाफवून काढलेला मोदक बसका आणि चिवट.
- श्रीखंड रात्री घट्ट होतं, सकाळी भांड्याच्या कडेने पाणी.
- ढोकळ्यावर लालसर ठिपके, आणि खाताना मागून साबणासारखी चव.
- ग्रेव्ही दाट व्हावी म्हणून कॉर्नफ्लोअर लावलं, ती दाट झालीच नाही, पिवळी आणि रवाळ मात्र झाली.
- बिस्किटं ट्रेमध्ये पसरून एकमेकांना चिकटली, वर तुपकट लागतात.
- क्रीम फेटून फेटून दंड भरून आला, ते काही फुगलं नाही.
- आमटीला छोल्यांचा वास येतोय.
- मीठ मोजून घातलं, तरी खारट.

मी डोंबिवलीत गेली बावीस वर्षं फराळाच्या आणि डब्याच्या ऑर्डरी करते. त्यामुळे नात्यागोत्यातल्या सगळ्या बिघडलेल्या पदार्थांचे फोन माझ्याकडे येतात. भाची न्यू जर्सीत, पुतण्या मेलबर्नला, शेजारची सून तर थेट पातेलंच घेऊन दारात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मावशी, सगळं रेसिपीप्रमाणेच केलं गं." मी विचारते, "सगळं?" मग जरा शांतता. मग, "म्हणजे, ते एक नव्हतं घरात, म्हणून…"

दहातल्या आठ वेळा दोष त्या 'म्हणून'च्या पुढे सापडतो. हात चुकलेला नसतो, पातेल्यात गेलेली वस्तू वेगळी असते. उरलेल्या दोन वेळा तर करणाऱ्याला आपण काही बदललंय हेच ठाऊक नसतं, कारण पाकिटावर नाव तेच असतं. खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने फोनवर विचारते त्याच क्रमाने देतेय. पहिल्या फुकट आहेत, मग थोडं साहित्य लागतं, शेवटी वेळही लागतो. मधूनच सुरुवात करू नका. पहिल्या दोन तपासण्यांतच निम्मे फोन संपतात.

पहिली: पाकीट उलटं करा

पुढचं नाव वाचू नका. मागे घटकांची यादी असते ती वाचा. एक मिनिट लागतं.

पुतण्याचा दिवाळीतला फोन. शंकरपाळे फुगून फुटत होते. मी मोहन विचारलं, तेल किती तापलं विचारलं, साखर कितपत विरघळली विचारलं, सगळं बरोबर. शेवटी म्हटलं, मैद्याचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धर. त्यावर 'सेल्फ-रेझिंग फ्लोअर' असं लिहिलेलं. म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या दुकानांत तो साध्या मैद्याच्या शेजारीच असतो आणि पाकीटही सारखंच दिसतं. केकला उत्तम. तळणीत मात्र आतला वायू गरम होऊन सुटतो आणि पीठ उकलतं, त्या भेगांतून तेल आत शिरतं. मळून झालेलं पीठ फेकायचं नाही. त्याची जरा जाडसर बिस्किटं कापायची आणि ओव्हनला लावायची. त्याने तसंच केलं, आणि पोरांनी म्हणे शंकरपाळ्यांची आठवणही काढली नाही.

याच तपासणीत पिठीसाखर पाहून घ्या. आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा मक्याचा स्टार्च घातलेला असतो. केकवर घालायला तो बरा, बेसनाच्या लाडवात मात्र जिभेवर खडूसारखा लागतो. क्रीमच्या डब्यावरचा स्निग्धांशाचा आकडा बघा. आपल्याकडे मिळणारं साधं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास असतं. फेटून फुगायला निदान ३० टक्के लागतात, ३५च्या वर असेल तर उत्तम. २५ टक्केवालं दिवसभर फेटलंत तरी फुगणार नाही, तेव्हा दंड वाचवा.

दुसरी: नाव एक, वस्तू दोन

परदेशात राहणाऱ्यांनी ही तपासणी नीट करावी. इथे राहून परदेशी रेसिपी करणाऱ्यांनीही.

कॉर्नफ्लोअर आपल्याकडे म्हणजे पांढरा, बोटात करकरणारा मक्याचा स्टार्च. इंग्लंडमध्येही तेच. अमेरिकेत मात्र त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात, आणि तिथे कॉर्न फ्लोअर म्हणून जे मिळतं ते अख्ख्या मक्याचं बारीक दळलेलं पीठ. भाचीची मांचुरियनची ग्रेव्ही अशीच पिवळी झाली होती. बोटांनी ओळखता येतं: स्टार्च चिमटीत दाबला की बर्फासारखा कुरकुरतो, पीठ कुरकुरत नाही.

चिली पावडर हा दुसरा सापळा. अमेरिकन दुकानातल्या त्या बरणीत नुसती मिरची नसते. जिरे, लसूण, ओरेगॅनो घातलेला तो तयार मसाला असतो. तो घालून केलेल्या पोह्यांना पिझ्झाचा वास येतो. तिखटाच्या जागी नुसत्या मिरचीची पूड शोधा.

बेसन आपण चणाडाळीचं दळतो. तिकडचं चिकपी फ्लोअर बहुतेक वेळा काबुली चण्याचं असतं. भजी निभावतात. पिठल्याला आणि लाडवाला चव येत नाही, पाणीही वेगळं लागतं. चणाडाळ, तूरडाळ आणि यलो स्प्लिट पीज या तीन पिवळ्या डाळी घाईत एकच वाटतात. स्प्लिट पीज म्हणजे वाटाण्याची डाळ. तिचं पुरण होतं, पण सैल होतं आणि पोळीतून बाहेर डोकावतं.

मोदकाच्या लक्षणाचं मूळही इथेच आहे. आशियाई दुकानात तांदळाच्या पिठाची दोन पाकिटं असतात, एकावर 'ग्लुटिनस' लिहिलेलं असतं. मोदकाला चिकटपणा हवा, म्हणून हेच चांगलं असणार असं वाटतं. पण तो वेगळ्या जातीचा तांदूळ आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. ग्लुटिनस तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, आणि पारीला उभं धरून ठेवणारं तेच. म्हणून पारी च्युइंगमसारखी ताणते आणि वाफेत बसते. साधं पीठ घ्या. सगळं पाकीट वाया जाऊ नये असं वाटत असेल तर चार वाट्या साध्या पिठात दोन-तीन चमचे ग्लुटिनस मिसळा. जुन्या तांदळाची पिठी असेल तर त्याने उलट फायदाच होतो.

बाकीच्या जोड्या भराभर. कंडेन्स्ड मिल्क गोड, इव्हॅपोरेटेड बिनसाखरेचं, डबे मात्र जुळे. पातळ पोहे भिजवून कांदेपोहे केले तर लगदा होतो, ते चिवड्याचे. बोबा चहातले मोठे गोळे साबुदाण्याचेच भाऊ आहेत, पण त्यांची खिचडी होत नाही. परदेशातल्या सुपरमार्केटातल्या होल व्हीट पिठात कोंडा जाडा असतो. जात्यावरच्या कणकेइतकं ते पाणी पीत नाही, पोळी कडक होते. अर्धा तास जास्त मुरू द्या, नाहीतर भारतीय दुकानातूनच आटा आणा.

तिसरी: तुमची वाटी मोजा

एक वाटी म्हणजे किती, याचं उत्तर माझ्या घरात चार प्रकारचं आहे. आमटीची वाटी, देवाची वाटी, सासूबाईंची पितळी वाटी, आणि प्लास्टिकचा मापाचा कप. पाणी भरून मोजलं तर १२० मिलीपासून २४० मिलीपर्यंत. पारंपरिक पदार्थांना फरक पडत नाही, कारण तिथे सगळं एकाच वाटीने घेतलेलं असतं: एक वाटी रवा, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप. प्रमाण सुटत नाही. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा रेसिपीत 'एक कप मैदा आणि १०० ग्रॅम बटर' असं असतं आणि तुम्ही कपाच्या जागी वाटी घेता. बटर वजनाने बरोबर, मैदा निम्मा.

अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा. त्यात पाणी २४० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, आणि मैदा अलगद भरला तर १२०–१२५ ग्रॅम, दाबून भरला तर १५०च्या पुढे. याच कारणाने केकच्या बाबतीत मी वाटीचं नाव काढू देत नाही. पाचशे-सहाशे रुपयांचा वजनकाटा घ्या.

चमच्यांचंही तसंच. छोटा चमचा ५ मिली, मोठा १५ मिली. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलीचा असतो. पुतण्याच्या आमटीत मीठ जास्त व्हायचं ते त्यामुळे. अमेरिकन रेसिपीत 'कोशर सॉल्ट' असेल तर ते पापुद्र्यांचं, भुरभुरीत मीठ असतं. चमच्यात हवाच जास्त मावते. काही प्रकारांच्या जागी आपलं बारीक मीठ तेवढंच घातलं तर खारटपणा जवळजवळ दुप्पट. निम्म्याने सुरुवात करा.

आजीच्या वहीत मापटं, शेर, पायली असेल तर घाबरू नका. दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ही आकारमानाची मापं आहेत. किलोत बदलायच्या भानगडीत न पडता घरचं एक भांडं मापटं म्हणून धरा आणि सगळं त्यानेच मोजा.

चौथी: वस्तू जिवंत आहे का?

इथपर्यंत वस्तू बरोबर निघाली, माप बरोबर निघालं, तर आता ती चालते का ते पाहायचं. चमचाभर साहित्य खर्ची पडेल.

बेकिंग पावडर: अर्ध्या कप गरम पाण्यात एक चमचा टाका. जोरात फसफसली तर चांगली, दोन-चार बुडबुडे आले तर टाकून द्या. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळा, तोच नियम. यीस्ट कोमट पाणी आणि चिमूटभर साखरेत दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला पाहिजे.

ज्वारीच्या भाकरीला कडेने चिरा जातात तेव्हा लोक थापणीला दोष देतात. बहुतेक वेळा पीठ जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे धरून ठेवणारं दुसरं कुणी नाही. अशा पिठात निम्म्या भागावर उकळतं पाणी ओतून उलथन्याने ढवळा, झाकून ठेवा, कोमट झाल्यावर उरलेलं पीठ घालून मळा. गरम पाण्याने स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो. तरी चिरा गेल्याच तर त्या पिठाचं थालीपीठ लावा आणि पुढच्या वेळी आठवड्यापुरतंच दळा.

पाचवी: जी वस्तू बदलली, ती तिथे काय काम करत होती?

ही तपासणी मी फोनवर सर्वांत जास्त वेळ करते. तूप हे 'स्निग्ध' आहे म्हणून घातलेलं नसतं. कुठे ते पीठ खुसखुशीत करतं, कुठे लाडू वळायला धरून ठेवतं, कुठे नुसता वास देतं. काम कळलं की बदली माणूस सापडतो.

*फुगवणारे.* सोड्याला आंबट लागतं. दही, ताक, लिंबू, काहीतरी. बेकिंग पावडरमध्ये कोरडं आम्ल आधीच असतं. म्हणून एक चमचा बेकिंग पावडरच्या जागी पाव चमचा सोडा आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. रेसिपीत दूध असेल तर त्यातलं अर्धा कप काढून तेवढं ताक घातलं तरी चालतं. ढोकळ्याला लागणाऱ्या फ्रूट सॉल्टच्या पाच ग्रॅमच्या पाकिटात जेमतेम निम्माच सोडा असतो, बाकीचं बहुतेक सायट्रिक आम्ल. ते नाही म्हणून तेवढाच नुसता सोडा घातला तर दुप्पट सोडा, वर आंबट काहीच नाही. न मुरलेला सोडा हळदीला भेटला की हळद लाल होते. लाल ठिपक्यावर लिंबाचा थेंब सोडून बघा, डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा होतो. शेजारच्या सुनेला मी हे तिच्याच ढोकळ्यावर करून दाखवलं तेव्हा तिचा मुलगा सगळे ठिपके शोधून त्यावर लिंबू पिळत बसला. तो ढोकळा अर्थात आंबट झाला, पण खाल्ला गेला.

*स्निग्ध.* बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्के पाणी असतं. तूप जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम तूप घातलं तर स्निग्धांश २० ग्रॅमने जास्त आणि पीठ बांधायला पाणी नाही. बिस्किटं पसरतात ती यामुळे. ८० ग्रॅम तूप आणि मोठा चमचाभर दूध घ्या, तूप पातळ करू नका, थिजलेलंच फेटा. उलट बाजूने, नानकटाईत तुपाऐवजी बटर घातलं तर ती बिघडत नाही, पण नानकटाईही राहत नाही. चांगलं बिस्कीट होतं.

*गोड.* साखरेच्या जागी गूळ हा आजकालचा सर्वांत आवडता बदल, आणि फोनही त्याचेच जास्त. खिरीत गूळ घातला की दूध फाटतं, कारण गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि उकळत्या दुधाला तेवढं पुरतं. गॅस बंद करा, खीर कोमट होऊ द्या, मग गूळ. पाकाच्या पदार्थात चिक्कीचा गूळ आणि साधा गूळ यांची अदलाबदल करू नका. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाका: काडकन मोडला तर चिक्की होईल, मऊ गोळी झाली तर लाडू. साधा गूळ काडकन मोडेपर्यंत आटवायला गेलात तर बहुधा आधी करपेल.

*आंबट.* आमसूल, चिंच, लिंबू, आमचूर, कैरी. सगळी आंबट, पण वेगवेगळ्या वेळी कामाला येणारी. चिंचेचा कोळ शिजवावा लागतो, कच्चा राहिला तर उग्र लागतो. लिंबू गॅस बंद केल्यावर, नाहीतर कडवट. आमसूल शेवटच्या पाच मिनिटांत. माशाच्या कालवणात चार आमसुलं नसतील तर सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ घाला, लिंबाएवढ्या नव्हे. रंग जरा काळपट येईल. नारळाच्या दुधात आंबट घातल्यावर खळखळून उकळू नका, ते फुटतं. सोलकढी तर गॅसवर चढवूच नये. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ परदेशात मिळालं नाही तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी बघा. दोन्ही एकाच कुळातली चुलत भावंडं. निम्मी घ्या, काळ्या बिया काढून टाका. जीभ जास्त बधिर होते, पण वासाचा धागा जुळतो.

*घट्टपणा आणि पाणी.* श्रीखंडाला चक्का हवा. ग्रीक योगर्ट त्याच्या जवळचं आहे, पण त्यात अजून बरंच पाणी असतं आणि साखर ते पाणी बाहेर ओढते. ग्रीक योगर्टसुद्धा रात्रभर फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगा. बिनचरबीचं घेऊ नका, खरखरीत होतं. आणि व्हॅनिलाचं तर नाहीच. हसू नका, असा फोन आलाय.

*अंडं.* केकमध्ये एक अंडं असेल तर पाव कप दही किंवा मोठा चमचाभर जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून. दोन असतील तरी जमेल. तीन-चार अंडी फेटून त्यांच्याच जोरावर फुगणारा स्पंज असेल तर बदली शोधू नका, बिनअंड्याच्या केकची वेगळी रेसिपी घ्या.

*मसाले.* गोड्या मसाल्यात दगडफूल, तीळ, सुकं खोबरं भाजून घातलेलं असतं. त्याचा गोडसर, जरा मातकट वास म्हणजेच आमटी. गरम मसाल्यात यातलं काहीच नाही. अडचणीत धने-जिऱ्याची पूड, चमचाभर भाजलेले तीळ आणि खोबरं कुटून, त्यात गरम मसाला फक्त चिमूटभर. तिखटाला दोन कामं असतात, रंग आणि जहालपणा. ब्याडगी रंगाची, लवंगी जहाल. ब्याडगीच्या दोन चमच्यांच्या जागी लवंगीचे दोन चमचे घातले तर जेवणारे पाणी मागतील.

सहावी: एकच नग करून बघा

कारण अजून सापडलं नसेल तर अंदाज बांधत बसू नका, थोडंसं करून बघा. एक शंकरपाळं तळा. एक मोदक वाफवा. दोन बिस्किटं भाजा. आमचा नियम असा की पहिला घाणा नेहमी एकाच नगाचा. आणि एका वेळी एकच बदल. साखरेऐवजी गूळ, मैद्याऐवजी कणीक आणि तुपाऐवजी तेल असे तीनही बदल एकदम करून शंकरपाळे दगडासारखे झाले, तर दोषी कोण हे मलाही सांगता येणार नाही. तरी लोक विचारतात. बदलाची नोंद रेसिपीच्या शेजारीच पेन्सिलने करा, कारण पुढच्या दिवाळीपर्यंत काहीही आठवत नाही.

सातवी: बदली सोडा, मूळ वस्तू तयार करा

सगळ्यांत वेळखाऊ, पण कधीकधी हाच मार्ग सरळ असतो. मोदकाची पिठी मनासारखी मिळत नसेल तर आंबेमोहर किंवा इंद्रायणी दोन-तीन पाण्यांनी धुवा, सावलीत फडक्यावर वाळवा, गिरणीत दळून आणा. गिरणीवाल्याला आधी तांदळाचंच दळण चालू आहे ना ते विचारा, नाहीतर तुमच्या पांढऱ्या पिठीत आधीच्या माणसाची ज्वारी येते. गोडा मसाला एकदा करून ठेवला की वर्ष निघतं. परदेशात तांदूळ भिजवून, निथळून, जरा ओलसर असतानाच मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळला तरी चालतो. फक्त मग उकडीला पाणी कमी घ्या.

इथे थांबा

चव बिघडली तर निस्तरता येते. खालच्या गोष्टींत मी फोनवर सल्ला देत नाही, तुम्हीही अंदाजाने बदल करू नका.

घरात कुणाला सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) आहे किंवा एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे. बदली साहित्याची यादी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाकडून घ्या. गहू कुठे लपलेला असेल सांगता येत नाही. डबीतल्या बांधानी हिंगाचंच उदाहरण. कच्चं हिंग अफगाणिस्तान, इराणकडून येतं आणि ते इतकं उग्र असतं की त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळूनच विकतात. म्हणजे भाकरी-आमटीच्या जेवणातही फोडणीतून गहू येऊ शकतो. आणि मघाशी आलेल्या 'ग्लुटिनस' तांदळात नाव तसं असूनही ग्लुटेन नसतं. असल्या गुंत्यात घरगुती हुशारी चालत नाही.

रक्तदाबासाठी 'लो सोडियम' मीठ आणायचंय. त्यात सोडियमची जागा बऱ्याच अंशी पोटॅशियम क्लोराइड घेतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहात साखर काढून गूळ घातला म्हणून मोकळीक मिळत नाही, तेही त्यांनाच विचारा.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात साखरेऐवजी मध नको. चाटवायलाही नको. मधातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि ती बीजं घरच्या शिजवण्याने मरत नाहीत.

लोणचं, मुरांबा, जॅम: इथे मीठ, तेल आणि साखर टिकवण्याचं काम करतात. कमी करायचंच असेल तर आठवड्याचं करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. झाकण फुगलं, बुरशी दिसली, वास बदलला, तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही. बरणी रिकामी करायची.

आणि शेवटचं, मोठी ऑर्डर. घरच्या दहा लाडवांत जमलेला बदल दहा किलोंत जमेलच असं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मुंजीच्या आठ किलो बेसनात मी लाडूच्या जाडसर बेसनाऐवजी बारीक बेसन वापरलं, कारण त्या दिवशी दुकानात तेच होतं. लाडू वळले, दिसायलाही छान, पण तोंडात टाकला की टाळूला चिकटायचा आणि ताटात ठेवलेला तासाभरात बसायचा. तूप कमी-जास्त करायच्या नादात मी दोन तास घालवले. शेवटी ओळखीच्या आचाऱ्यांना बोलावलं. त्यांनी एक लाडू बोटांत चुरडला, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, बारीक रवा आहे का? दीड किलो, थोड्याच तुपावर मंद भाजा." रवा भाजून गार झाला, मिश्रणात मळला, लाडू पुन्हा वळले. रात्री पावणेदोन वाजले होते. दाणा लागला आणि ते सकाळपर्यंत उभे राहिले.